कोंबांची जागा कुणाला सांगू नये

जून लागला की आमच्या गावातल्या बायका एकमेकींशी खोटं बोलू लागतात. "कुठे निघालीस गं?" असं विचारलं की पूर्वेला जाणारी पश्चिमेचं नाव सांगते, आणि विचारणारीही "हो का, बरं बरं" म्हणत तिसरीकडेच बघते. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. कुरोमोरी डोंगरावरचं बर्फ वितळलं की बांबूला कोंब येतात, आणि कोंबांची जागा कुणाला सांगायची नसते. नवऱ्यालाही नाही. साकेचे दोन पेले पोटात गेले की पुरुष माणूस घरातलं सगळं अंगणात मांडतो.

आमची जागा मला सासूबाईंनी दाखवली, तीही गुडघे गेल्यावर, नाइलाजानं. त्यांना त्यांच्या सासूनं दाखवलेली. तिथले कोंब अंगठ्याहून जाड, बुडाशी जांभळे, आणि कडवटपणा म्हणून नाही. सोलावेत आणि तसेच सोयाबीनच्या मिसोत बुडवून खावेत. गावात तसले कोंब दुसऱ्या कुणाच्या टोपलीत दिसत नाहीत, आणि हे समोरच्या किवाला चांगलं ठाऊक आहे. आम्ही दोघी या गावात एकाच वर्षी लग्न होऊन आलो. तेव्हापासून ती माझी टोपली बघते आणि मी तिचं तोंड बघते.

आमचं घर डोंगरवाटेच्या तोंडाशी आहे. वर चढायला आलेले लोक आमच्याकडे मुक्काम करतात आणि पहाटे भाताचे गोळे बांधून घेऊन निघतात. माझा नियम असा, की कुठल्या वाटेनं चढणार, कुठे उतरणार आणि केव्हा परतणार हे सांगितल्याशिवाय गोळे मिळत नाहीत. टोकियोचा मोठा डॉक्टर आला तरी नाही. शिवाय प्रत्येकाला ऐकवते, की वाट चुकली तर ओढ्यानं खाली उतरू नका. खाली गाव असेल असं वाटतं, पण आमचे ओढे गावाला जात नाहीत, धबधब्याला जातात. वर चढा, डोंगराच्या धारेवर या. कमरेची घंटा वाजती ठेवा, कारण कोंब अस्वलालाही आवडतात. आणि हाक मारायची तर दोनदा मारा. डोंगरात एकदाच येते ती हाक माणसाची नसते, तिला ओ द्यायची नाही. शहरातली माणसं यावर हसतात. हसू देत.

माझी सून चिनात्सुसुद्धा अशीच ओसाकाहून डोंगर चढायला आलेली. दोन दिवस राहते म्हणाली आणि माझ्या मासानोरीलाच धरून बसली. कामाला चलाख आहे, भांडायलाही. पण तोंडाला झाकण नाही. मुळ्याच्या लोणच्यात काय काय घालतो ते पाहुण्यांना दारात उभं राहून सांगते. म्हणून जागा तिला मी अजून दाखवली नव्हती.

त्या दिवशी सकाळी मी टोपली पाठीला लावत होते, तर ही आडवी आली.

"आई, कुठे निघालात?"

"वर."

"वर म्हणजे कुठे? पाहुण्यांनी सांगितलं नाही तर त्यांना उपाशी पाठवता."

"मी पाहुणी आहे का?"

"अस्वलाला काय कळतंय, कोण पाहुणी आणि कोण मालकीण!"

"कळतं. मला बघून तेच वाट सोडतं."

"निदान केव्हा येणार ते तरी सांगा."

"दुपारच्या भाताला. आणि कालचं सूप नुसतं गरम पाणी होतं, आज जरा हात सैल सोड."

समोरच्याला गप्प करायचं असेल तर त्याच्या स्वयंपाकाला नाव ठेवावं. ती चुलीकडे वळली आणि मी निघाले.

किवाच्या घरावरून जाताना मुद्दाम उत्तरेचा फाटा धरला. ती खिडकीत होतीच. वळणाआड गेल्यावर बांबूत शिरले आणि आडवी चालत दक्षिणेला आले. जागा जवळ आली तसं घंटेत फडकं कोंबलं. घंटा अस्वलाला दूर ठेवते, पण शेजारणीला जवळ आणते. गावातल्या सगळ्याच बायका आपापल्या जागेजवळ हेच करतात, आणि दर दोन-चार वर्षांनी एखादीला अस्वल ओरबाडतं. तरी फडकं कुणी सोडलेलं नाही.

त्या वर्षी कोंब उत्तम आले होते. टोपली भरली, वर गाठोडंही बांधलं, तरी खालच्या अंगाला आणखी एक जाडजूड दिसला. उतारावरचा बांबू बर्फाच्या भारानं खालच्या बाजूला झोपलेला असतो. त्याच्यावर पाय म्हणजे तेलावर पाय. मी घसरले. घोटा दोन बांबूंमध्ये अडकला आणि बाकीची मी पुढे गेले. पाय सोडवून उभं राहून पाहिलं तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. बसले खाली.

मग धुकं आलं. आमचा बांबू माणूस बुडेल एवढा उंच, त्यात धुकं. स्वतःचे हात दिसत होते, त्यापलीकडे काही नाही. भाताचा गोळा होता तो खाल्ला. आमच्या डोंगराची देवी कुरूप आहे आणि तिला देखणी बाई खपत नाही. शिकारी लोक खिशात वाळवलेला कुरूप मासा घेऊन जातात; आपल्याहून वाईट कुणीतरी आहे हे बघून तिला बरं वाटतं. मी तिला म्हटलं, "बाई, मासा आणलेला नाही. माझ्याकडेच बघ आणि समाधान मान."

दुपारचा भात टळून गेला. कपडे ओले झाले होते. जूनमध्येही कुरोमोरीवर ओल्या अंगानं रात्र काढली तर माणूस गारठून मरतो. हे मी पाहुण्यांना रोज सांगते, मला कुणी सांगायची गरज नव्हती. उजेड असेपर्यंत सापडले तर सापडले.

तेवढ्यात वरच्या अंगाला बांबू खसफसला आणि आवाज आला, "हात्सुए! हात्सुए!"

ही किवा. मला शोधायला सगळा गाव उत्तरेला गेला असणार आणि ही एकटी दक्षिणेला आलेली! उत्तरेचा फाटा धरला म्हणजे दक्षिणेलाच गेली असणार, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. माझ्यापासून हाकेच्याही अंतरावर नाही, कुजबुजण्याच्या अंतरावर होती.

मी ओ दिली नाही.

थोड्या वेळानं मासानोरी आणि गावच्या अग्निशमन दलाची पोरं इकडे येतील असा माझा हिशेब होता. पुरुषांना कोंबांचं काही नसतं, आणि धुक्यात त्यांना सगळा बांबू सारखाच. किवा पुढे जाऊ दे, मग ओरडू. सासवांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली जागा एका घोट्यापायी किवाच्या पदरात टाकायला मी वेडी नव्हते. किवा वर थांबून स्वतःशीच बडबडत होती, "मेली असली तरी टोपली भरूनच मेली असेल."

आणि तेव्हा खालून घंटा ऐकू आली.

चिनात्सु कमरेला दोन घंटा बांधते, त्यामुळे तिचा आवाज वेगळाच येतो. माझ्या डाव्या हाताला, बरीच खाली. ती थांबत होती, पुन्हा वाजत होती, आणि दर वेळी आणखी खालून येत होती. "आई!" अशी एकच हाक आली. तिच्या मागे पाण्याचा आवाज होता.

खाली लाल ओढा आहे. ओढा थोडा जातो आणि मग त्याच्याखालची जमीन संपते. धुक्यात आणि बांबूत ते शेवटचं पाऊल टाकल्यावरच कळतं. माझ्याकडून ऐकून ऐकून पाहुण्यांना "ओढ्यानं उतरू नका" म्हणून बजावणारी माझी सून, उत्तरेला सापडले नाही तेव्हा मी ओढ्यात पडले असेन म्हणून ओढ्यानंच खाली चालली होती. बांबूही उताराकडे झोपलेला. तो माणसाला ढकलत खालीच नेतो.

यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. होता नव्हता तेवढा दम काढून ओरडले, "चिनात्सूऽऽ!"

घंटा थांबली. मी दुसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं, पण घोट्यातून अशी कळ गेली की आवाज आत राहिला. काही वेळ नुसतं पाणी वाजत होतं. मग घंटा पुन्हा वाजली, आणि या वेळी ती वर येत होती.

वरच्या बाजूला मात्र सगळं शांत झालं होतं. किवाचा पाय जागच्या जागी थांबलेला. एकच हाक आली ना, ती दुसरीची वाट बघत होती. तिच्या जागी मी असते तर मीही हलले नसते. चिनात्सुला मी हे सांगितलं होतं, पण ओसाकाची माणसं असलं मनावर घेत नाहीत. एका हाकेवर सरळ आली.

बांबू बाजूला करत ती रांगतच पुढे आली. तोंड ओरबाडलेलं, कोपरापर्यंत चिखल.

"आई! जिवंत आहात!"

"हळू बोल."

"हळू?"

"वर किवा आहे."

"मग बरंच झालं की! दोघी मिळून तुम्हाला..."

"हळू म्हटलं ना. तू एकटी पाठीवर घे मला."

तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, मग सगळीकडे वर आलेल्या जांभळ्या कोंबांकडे पाहिलं.

"ही ती जागा?"

"कसली जागा?"

"काकूंनी तुम्हाला हाक मारली होती. मला खाली ऐकू आली. दोनदा मारली होती."

मी टोपलीचा पट्टा नीट करत राहिले.

"मी तिथे कड्याच्या तोंडाशी उभी होते, आई. हातातला बांबू सुटला असता तर गेले होते. आणि तुम्ही इथे बसून कोंब राखताय!"

"म्हणून तर ओरडले ना. कोंबच राखायचे असते तर ओरडले नसते."

वरून किवाचा आवाज आला, जरा कापराच, "हात्सुए! तूच असशील तर आणखी एकदा ओरड! एकदाच ओरडलीस!"

मी हात पुढे केले. चिनात्सुनं मला पाठीवर घेतलं, एक पाऊल टाकलं आणि आम्ही दोघी एकमेकींवर पडलो. मी बोंब मारणार नव्हते, पण डोळ्यांतून पाणी आलं ते तिला दिसलं. ती उठली, हातांचा कर्णा केला आणि माझ्याकडे बघत ओरडली, "किवाकाकू! इकडे, इकडे! आई सापडल्या! कोंबही पुष्कळ आहेत, लवकर या!"

सून कशी नसावी हे मला कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते.

किवा आली. तिनं आधी माझा घोटा पाहिला, हे मी मान्य करते. डोक्याचा रुमाल सोडून तो घट्ट बांधलाही. मग मान वर करून सगळीकडे एक नजर फिरवली आणि माझ्याशेजारी बसली.

"एकदाच का ओरडलीस? माझं काळीज तोंडात आलं."

"दम नव्हता."

"तुला? दम नव्हता?"

"पाय मोडलाय माझा."

"पाय मोडलाय, तोंड नाही." जवळचा एक कोंब तिनं उपटला, सोलला, दातांनी तोडला आणि बराच वेळ चावत राहिली. "गोड आहे," एवढंच म्हणाली.

दोघींनाही मी उचलण्यासारखी नव्हते. चिनात्सुच्या पिशवीत वाटेच्या खुणेला बांधतो ती गुलाबी फीत होती. मासानोरी आणि पोरांना आमच्यापर्यंत यायला खूण हवी, म्हणून ती बांबूंना फीत बांधत वाटेकडे निघाली.

"चिनात्सु, बांधू नकोस. सगळ्या गावाला दिसेल."

"दिसू दे. तुम्ही आता गप्प बसा."

सुनेनं मला गप्प बस म्हटलं आणि मी बसले. किवानं दुसरीकडे बघितलं, पण तिचे खांदे हलत होते.

पोरं आली, उजेड असताना मला खाली नेलं. घोट्याला प्लास्टर लागलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचं आटोपल्यावर चिनात्सु आपण होऊन माझ्या अंथरुणापाशी आली. "आई, मी दक्षिणेला जातेय, फिती काढून येते, दुपारच्या आत परत," असं सगळं नीट सांगून गेली.

परत आली ती रिकाम्या हातानं.

"एकही फीत नाही, आई. गाठीसुद्धा नाहीत. वाटेच्या कडेला वाकलेले बांबूही कुणीतरी सरळ केलेत. काल तिथूनच बाहेर आले, तरी मला शिरायची जागा किती वेळ सापडेना."

"कोंब?"

"अर्धे नेलेत."

"अर्धे? नीट बघितलंस?"

"नीट बघितलं. वरच्या अंगाचे नेलेत. खालच्या अंगाला एकालाही हात नाही."

समोरच्या घरातून कोंब उकडल्याचा वास येत होता आणि किवा सुनेला कशावरून तरी ओरडत होती. मनात आणलं असतं तर तिला सगळे नेता आले असते.

"उद्या पहाटे तू जा," मी चिनात्सुला म्हटलं. "खालच्या अंगानंच घे. छोटे सोडून दे. परवा मात्र जाऊ नकोस."

"परवा का नाही?"

"परवा किवाचा दिवस."

"हे कधी ठरलं तुमचं?"

"तिनं आज पहाटे ठरवलं," मी म्हटलं, "मी आत्ता. जा, भात लाव."