न आलेली पेटी

प्यो सोक-जूच्या कपड्यांची पेटी गुरुवारी त्याच्या घरी पोहोचली. पण असं काही झालंच नाही, असं त्याच्या आईचं म्हणणं आहे. आईशी वाद कोण घालणार? तेव्हा नाहीच पोहोचली.

सक्तीच्या लष्करी सेवेत भरती झालं की अंगावरचे कपडे उतरवायचे, लष्कराचे चढवायचे आणि जुने पुठ्ठ्याच्या पेटीत भरून घरी धाडायचे, ही रीत. आया पेटी उघडतात, स्वेटर नाकाशी धरतात आणि पोटभर रडून घेतात. थोरल्या मुलाची, सोक-वनची पेटी आली तेव्हा आईही रडली होती. वर्षभराने दुसरी पेटी आली. ती बरीच लहान होती, पांढऱ्या फडक्यात बांधलेली, आणि तिच्यात सोक-वनची राख होती. रजेवर घरी येताना त्याची बस उलटली होती. तो सैनिक म्हणून गेला की प्रवासी म्हणून, यावर कचेरीत बराच खल झाला आणि निकाल प्रवाशाच्या बाजूने लागला. सैनिक ठरला असता तर धाकट्या सोक-जूला भरतीतून सूट मिळाली असती; आता नाही.

"जा बाबा, जावं तर लागणारच," तारेवर म्हाकूळ मासळी वाळत घालता घालता आई म्हणाली होती. "फक्त पेटी येऊ देऊ नकोस. पहिली आली की दुसरी निघते."

"पोस्टाचं तसं काही नसतं, आई."

"तुला काय कळतंय पोस्टातलं?"

सोक-जूने शब्द दिला. फेकून देता येईल असाच पोशाख त्याने निवडला: वडिलांचा फाटका रेनकोट आणि सुतळीने बांधलेली पँट. तेही फेब्रुवारीच्या बर्फात. जुमुनजिन या त्यांच्या गावापासून छावणीपर्यंत बसमध्ये आईखेरीज शेजारी कुणी बसलं नाही.

फाटकापाशी सगळ्या पोरांनी आईबापांपुढे जमिनीला कपाळ टेकवलं. त्यानेही टेकवलं.

"ऊठ, ऊठ, कपडे मळतायत!"

"मळू देत. फेकायचेच आहेत."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि आत जाताना त्याला तेवढंच बरोबर नेता आलं.

आत लाल टोपीवाल्या प्रशिक्षकाने कचऱ्याच्या डब्यातून रेनकोट बाहेर काढला.

"हा कुणाचा?"

"कचऱ्याचा, सर."

"इथे काही हरवत नाही, काही फेकलं जात नाही. पेटीत भर. वर पत्ता घाल."

सोक-जूने पत्ता घातला. थोड्या वेळाने त्याला पुन्हा बोलावणं आलं.

"पत्ता या छावणीचा आहे. नाव तुझं आहे."

"मी सध्या इथेच राहतो, सर."

"म्हणजे ही पेटी इथून निघणार आणि इथेच येणार?"

"पोस्टाला त्रास नको म्हणून, सर."

प्रशिक्षक माणूस वाईट नव्हता. त्याने सोक-जूला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि तेवढ्यात भरतीच्या कागदांवरून घरचा पत्ता स्वतःच्या सुंदर अक्षरात पेटीवर लिहून टाकला.

रविवारी फोन मिळाला.

"आई, पेटी आली का?"

"कुठली पेटी? काही आलेलं नाही."

मागून शेजारच्या ओक-बुन मावशीचा आवाज आला, "अगं, ती पेटी दारातून हलव तरी! या वयात खिडकीतून ये-जा करतेस, एक दिवस मोडून घेशील कंबर!"

"ही काहीही बोलते," आई म्हणाली. "जेवलास का?"

"जेवलो."

"तोही असंच म्हणायचा. सोक-जू, रजा मिळाली तरी येऊ नकोस हं. तिथेच राहा. बसमध्ये बसू नकोस."

"मग भेटायचं कधी?"

फोन ठेवला गेला होता. मागे रांगेत उभा असलेला पोरगा म्हणाला, "झालं का, भावा? माझी आई फोनवर रडायला ताटकळलीये, चुकामूक होईल."

संध्याकाळी सगळ्यांना कोरे कागद वाटले. काही तक्रार, काही अडचण असेल तर मोकळेपणाने लिहा, असं प्रशिक्षकाने सांगितलं आणि तो दारात पाय रोवून उभा राहिला. इतरांनी लिहिलं, काही अडचण नाही. सोक-जूने लिहिलं:

"सविनय विनंती की, माझ्या घरी पाठवलेली पेटी परत मागवावी व ती कधी पाठवलीच नव्हती असे आईस लेखी, शिक्क्यानिशी कळवावे. ते शक्य नसल्यास, पेटीतील कपडे माझ्याच अंगावरचे असल्याने, माझी उर्वरित सेवा त्यांच्याकडून पूर्ण करून घ्यावी व मला पायी घरी जाऊ द्यावे."