कंबर सत्तर

"आत्या, तू बरी झालीस ना? मग दुकानात का जात नाहीस?"

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणींनी, चष्मिश आणि लंबूने, लावली होती माझ्याशी. पूर्वी मी वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायचे. पण आता मी शाळेच्या नाटकात महाराणी आहे! विचारून टाकलं, सगळे जेवायला बसलेले असताना.

"ती दमते गं," बाबा म्हणाले.

"आणि गर्दी नको वाटते तिला," आई म्हणाली.

आत्याने तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. आता मला सांगा, प्रश्न कुणाला आणि उत्तरं कुणाची?

आत्या बाबांची धाकटी बहीण, लेडीज टेलर. दुकानात मशीन आणि तोंड दोन्ही एकदम चालवायची. मागच्या वर्षी मेंदूला झटका आला. हात परतला, पाय परतला, डॉक्टर म्हणाले, जा कामाला. थोडे दिवस गेलीही, बाबांना सोबत घेऊन. शब्द तेवढे उशिरा येतात, कधी भलतेच येतात. पण कात्री काय शब्दांवर चालते? मला काही कळेना.

जेवण झाल्यावर मी तिच्या खोलीत ठाण मांडलं आणि गप्प बसले. (हे मला किती जड गेलं, ते आईला विचारा.)

"माप," शेवटी आत्या म्हणाली. "आकडा... दिसतो बरोबर. तोंडातून दुसराच. एक बाई आल्या. त्यांची कंबर... सत्तर इंच म्हणाले मी."

मला हसू फुटलं. तिलाही.

"त्या पण हसल्या. मी पण. मग दादा..." ती अडली. शब्द माझ्या जिभेवर आला होता, मी गिळला. "दादा म्हणाला, तिच्याकडे लक्ष देऊ नका."

"मग?"

"मग कुणी... दिलंच नाही."

मी चक्रावले. बाबा तर तिच्यावर जीव टाकतात! मग रागवायचं तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी नाटकाच्या कपड्यांची मापं द्यायला मी चष्मिश आणि लंबूला घरी आणलं. बजावलं, "शब्द सुचवलात तर याद राखा!"

आत्याने चष्मिशच्या छातीला टेप लावली आणि थांबली. लंबूचे ओठ हलायला लागले, तसा मी तिच्या पायावर पाय दिला. शेवटी आत्याने टेपवरच्या आकड्यावर नख रोवलं आणि टेप चष्म्यासमोर धरली. "वाच."

चष्मिशने वाचलं, मी लिहून घेतलं. मग लंबूची पाळी. या वेळी आकडा आत्याने स्वतःच सांगितला: कंबर नव्वद!

"आत्या! मी माणूस आहे की पाण्याची टाकी?"

"टाकी," आत्या ठसक्यात म्हणाली. आम्ही हसून हसून लोळलो. आणि मध्येच आत्या खुर्चीत बसून रडायला लागली.

नेमके तेव्हाच बाबा कामावरून आले. मागोमाग आई स्वयंपाकघरातून धावली. "काय तमाशा मांडलाय?" बाबा ओरडले. "हिला त्रास होतोय, दिसत नाही? हिला म्हणायचंय की..."

"दादा. थांब." आत्याने हात वर केला. "मी... बोलतेय."

बाबा थांबले.

"उद्या. दुकान," आत्या म्हणाली. "पण... भीती वाटते."

"मग रडतेस कशाला? आनंदाने की भीतीने?" मी विचारलं.

"दोन्ही."

दोन्ही एकदम कसं असतं? मला खरंच उमगलं नाही. बाबांनाही नसावं, ते टेप हातात घेऊन तिची गुंडाळी करत राहिले, ती परत परत सुटत होती. मी आत्याच्या कानाशी लागून एक गोष्ट विचारली. तिने वेळ घेतला आणि "हो" म्हणाली, स्वतः.

"आई, बाबा, माझं ठरलंय," मी महाराणीच्या आवाजात जाहीर केलं. "उद्यापासून शाळा सुटली की मी आत्याच्या दुकानात बसणार. गिऱ्हाइकाला खुर्ची देईन, आत्याला शब्द देणार नाही. आणि बाबा, ती बोलावेपर्यंत तुम्ही दुकानाची पायरी चढायची नाही!"