घरातला ट्रॅप कॅमेरा

माझी मुलगी दिव्यानी सहा वर्षांची आहे, आणि मे महिना लागायच्या आत तिने मला पाच वेळा चावून घेतलं. त्याशिवाय ताटं भिरकावून झाली, शेजारच्या पोरीच्या झिंज्या ओढून झाल्या, माझ्या सरकारी बुटात पाणी ओतून झालं. मी वनरक्षक आहे. गोंडपिपरीच्या बाजूच्या जंगलात रोज दहा-बारा किलोमीटर चालते, वाघाच्या पंजाची मापं घेते, लाकूडचोरांशी भांडते. आणि घरी एवढीशी पोर मला आवरत नव्हती. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

नवरा विक्की सूरजागडच्या लोहखाणीच्या रस्त्यावर ट्रक चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. दोन रट्टे दे, असा सल्ला देऊन तो निघून गेला. शाळेला एप्रिल लागताच सुट्टी लागलेली, त्यामुळे दिवसभर पोर माझ्या सासूबाईंकडे, अंजनाबाईंकडे. शेवटी मी मोबाईलवर पालकांसाठीचं ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलं. दर रविवारी दुपारी एक तास. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, फार गोड बोलायच्या. मला आधी त्यांचा रागच आला. गोड बोलून कुणाची पोर सुधारलीय?

पण त्यांची एक गोष्ट पटली. मूल उगाच चिडत नाही, म्हणाल्या, चिडायच्या आधी काय घडलं ते रोज लिहा. मी दोन आठवडे लिहिलं. पावणेपाच वाजले, ताट फेकलं. आधी काय घडलं, तर काही नाही, मी नुकतीच घरी आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मॅडमनी विचारलं, "ज्योत्स्नाताई, तुम्ही यायच्या आधीचा तिचा दिवस कसा जातो?"

मी सासूबाईंना विचारलं, "बाई, दिवसभर कशी राह्यते जी ही?"

"मस्त राह्यते. काई तरास नाई. तू आली का मंगच तिच्या अंगात येते."

म्हणजे दोष माझाच. हे मला इतकं झोंबलं की म्हटलं, आता बघायचंच. जंगलात दडून राहणारं जनावर बघायला आम्ही जे करतो, तेच घरात केलं. ऑफिसच्या कपाटात एक ट्रॅप कॅमेरा पडून होता, यादीतून बाद झालेला पण चालणारा. समोर काही हललं की तो आपोआप फोटो काढतो, फोटोखाली वेळ येते. सोमवारी सकाळी तो फळीवर डब्यांच्या मागे ठेवून दिला. सासूबाईंना न सांगता, चोरून, मान्य आहे. मला वाटलं, दिवसभर टीव्ही चालत असेल, नाहीतर पोरीला गोळ्या-बिस्किटं चारत असतील. सापडल्या की चांगलं सुनावणार होते.

मंगळवारी सकाळी त्यातलं कार्ड काढून नेलं आणि दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावलं.

नऊ बाराला मी दारातून बाहेर पडतेय. नऊ पंधराला सासूबाई कडी लावतायत. नऊ सतराला त्यांच्या हातात वासराचं दावं. मला वाटलं, गोठ्यात निघाल्या असतील. पुढच्या फोटोत दिव्यानी आपणहून दोन्ही हात वर करून उभी होती, फ्रॉक घालायला उभी राहते तशी. सासूबाईंनी तिच्या कमरेला आधी जुनं लुगडं गुंडाळलं, काचू नये म्हणून. मग त्यावर दावं बांधलं आणि दुसरं टोक मधल्या खांबाला.

 पुढचे फोटो बघवत नव्हते आणि थांबताही येत नव्हतं. दहा वाजता ती दावं ताणून खिडकीकडे जातेय, खिडकी हातभर लांब राहते. अकराला खांबाभोवती गोल फिरतेय. बाराला सासूबाई तिला मायेने भात भरवतायत. दीडला ती खांबाला टेकून झोपलीय. चार वाजता दावं सुटलं, वेणी घातली, तोंडाला पावडर लावली. पावणेपाचला दारात मी. हे दुसऱ्या कुणाचं तरी घर असावं असं वाटत होतं. त्याच खांबाला टेकून मी रोज चहा पीत होते.

घरी पोचले तेव्हा दोन वाजले होते. सासूबाईंनी दार उघडलं, काही लपवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. पोर खांबाशी बसली होती.

"माह्या पोरीले काऊन बांधलं बाई?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. "मंग काय करू? माहे गुडघे गेले. कडी काढून नाल्याकडं पळाली त कोन आनंन तिले?"

"म्हणून ढोरासारखं बांधाचं?"

"माह्यावर काऊन ओरडून राह्यली? तूच त सांगतलं."

"मी? कधी?"

"गाडीवर भोंगा लावून. अख्ख्या गावानं आयकलं. नाल्यात वाघीण पिल्लं घेऊन हाय, लेकरं एक मिनिट बाहीर सोडू नका, सोडलं त जबाबदारी तुमची. तुहाच आवाज होता का नाई?"

होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी लिहून दिलेला कागद मी तीन गावांत वाचला होता, लोक घाबरावेत म्हणून जोर लावून वाचला होता. लोक काय करतील हे मनातही आलं नव्हतं. घरी तर एका शब्दाने बोलले नव्हते. सासूबाईंना मी काय सुनावणार?

मी खाली बसून दावं सोडायला लागले. गाठ निघेना.

"बेटा, तू मले काऊन नाई सांगतलं?"

दिव्यानीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नवल वाटल्यासारखं.

"तुले त मालूम होतं," ती म्हणाली. "आजी म्हणे, आईचाच हुकूम हाय."

दीड महिना रोज संध्याकाळी मी दारात हसत उभी राहायचे, आणि तिला दिसायची ती बांधायला सांगून गेलेली बाई. मग तिने चावायचं तरी कुणाला?