माझी हरवलेली शेवटची पानं

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. पाठीचा दोरा सुटला आहे, शेवटची पानं गळून गेली आहेत. आता बोलायलाही दम लागतो, तरी ऐका.

माझ्यात दोन बायका राहतात. एक आजची, सीताबर्डीवर कचेरीत टायपिंग करणारी. दुसरी भोसल्यांच्या काळातली, विणकराच्या घरची कोष्टीण. तिचा नवरा लढाईवरून परतला नाही, आणि ती रिकाम्या मागाकडे बघत कोपऱ्यात चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरते. एक प्रकरण हिचं, एक तिचं. मी कोरी होते तेव्हा महाल भागातल्या वाचनालयात माझ्यासाठी नंबर लागायचे. हातोहात फिरून झिजले. पानं कुठे पडली ते कुणी पाहिलंही नाही. शेवटी वाचनालयाच्या सिंधूताईंनी मला जयवंता नावाच्या एका बाईला देऊन टाकलं. हिला शेवट नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

जयवंताचं घर गोळीबार चौकाजवळ. तिचा नवरा शालिकराम कामठीला पॉवरलूमवर लागला होता, रविवारी तेवढा घरी यायचा. घरचा माग अर्ध्या विणलेल्या लुगड्यासकट धूळ खात पडला होता. दिवाळीआधी तो मोडून लाकडं चुलीत घालायची, असं सासूनं, रुखमाबाईनं, ठरवलं होतं. जयवंताला ते लुगडं पुरं करायचं होतं. पण त्या घरात बायकांनी कांड्या भरायच्या आणि मागावर पुरुषानं बसायचं. तिनं विषय काढला की रुखमाबाई शेजाऱ्यांच्या कांड्या भरता भरता चरखा जोरात फिरवायची, म्हणजे ऐकू येऊ नये.

दुपारी जयवंता मला मोठ्यानं वाचायची. टायपिंगवाली आली की सासू म्हणायची, "हे राहू दे वं. आजची एक आहेच माह्या घरात. जुनीचं वाच." आणि जुनीचं ऐकताना चरखा हळू व्हायचा.

एके दुपारी मी संपले. कोष्टीण मागासमोर उभी, आणि पुढे नुसता पुठ्ठा. जयवंता थांबली नाही. पुठ्ठ्याकडे बघून वाचतच राहिली : बाईनं मागाची धूळ पुसली, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडले, विणायला धोटा हातात घेतला...

रुखमाबाईला अक्षर येत नव्हतं. पण तिचा हात येऊन माझ्या पुठ्ठ्यावर टेकला.

"पानं तं संपली. तू काय वाचून राहिली वं?"

रुखमाबाईनं मागाकडे पाहिलं.

"तिची सासू काही बोलली नाही काय?"

"पानच नाही मामीजी. कुठून बोलन?"

"मंग मी बी नाही बोलत. धूळ पूस पहिले. कांड्या मी भरून देतो."

त्या दिवसापासून मी फळीवर आहे. कसर लागली आहे. खरा शेवट मला पाठ आहे, आणि त्याचंच ओझं होतं. माझ्या लेखकानं त्या कोष्टिणीला मागावर बसवलंच नव्हतं. कांड्या भरता भरताच ती म्हातारी होते.

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला. थुंकी लावून पान उलटू नका. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. आणि माझी ती पानं कुठे रद्दीत सापडली तर जपून ठेवा. पण त्या घरी नेऊन देऊ नका. तिथे माग चालू आहे.