एकाच मशीनची सीडी

माझ्या अंगावर एकही ओरखडा नाही, मित्रांनो, आणि तरीही मी एक जुनी, निकामी सीडी आहे. उन्हात धरलंत तर आजही माझ्यात इंद्रधनुष्य दिसेल. पण मशीनमध्ये घातलंत तर मी मुकी.

मी गेमची सीडी. तोही मारामारीचा गेम. माझा जन्मच दणक्यात झाला. उकळत्या प्लॅस्टिकचा लोळ दोन पोलादी साच्यांमध्ये दाबला गेला आणि त्या एका दाबात माझ्या अंगावर अख्खा आखाडा कोरला गेला. त्यात जबडे फुटत, बरगड्या कडाकड मोडत, रक्ताच्या चुळा भरल्या जात. पण माझ्या आखाड्यात एक माया होती. पडलेला माणूस परत उठायचा. कितीही बदडलं तरी शेवटी पडद्यावर अक्षरं यायची, ‘पुन्हा खेळा’.

कंपनीनं माझ्यात आणखी एक गोष्ट घातली होती, ती म्हणजे कुलूप. ज्या मशीनमध्ये मी पहिल्यांदा जाईन, त्या मशीनची मी कायमची. दुसऱ्या कुठल्याही मशीननं मला ओळख द्यायची नाही. डबीच्या पाठीमागे हे छापलेलं होतं, मुंगीनं वाचावं इतक्या बारीक अक्षरांत.

एका नर्सला मी लकी ड्रॉमध्ये मिळाले. तिच्याकडे मशीनच नव्हतं. तिनं मला तसंच, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट, मावशींच्या दुकानात आणून दिलं.

मावशींचं दुकान जुन्या गेम्सचं. चिंचोळं, शिंप्याच्या दुकानाला चिकटून, आत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर सीड्या. दुकान त्यांच्या नवऱ्यानं काढलं होतं. तो गेला, पण त्यानं रंगवलेली पाटी तशीच होती, ‘प्रत्येक सीडी लावून बघूनच विकली जाते’. मावशींना स्वतःला गेम खेळता येत नव्हता. पण त्या पाटीचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. आलेली सीडी उजेडात धरायची, मऊ फडक्यानं आतून बाहेर पुसायची आणि गल्ल्याशेजारच्या मशीनमध्ये लावून बघायची.

फळीवर माझ्या शेजारी कुस्तीच्या गेमची एक म्हातारी सीडी होती. अंगभर चरे. मला म्हणाली, “पोरी, मी आधी न्हाव्याच्या घरी होते, मग ड्रायव्हरच्या, मग कॉलेजच्या पोरांकडे. त्यातला एक मेला माझ्यावर चहाचा कप ठेवायचा. तरी बघ, लावली की चालते. ज्याच्या हातात, त्याची मी.”

ती हे बोलत होती आणि मावशींचा हात माझ्याकडे आला.

शेजारचा शिंपी म्हणाला, “अहो मावशी, कोरी दिसतेय ती. कशाला फोडताय?”

“कोरी असली म्हणून काय झालं? कोऱ्या कापडालाही भोक निघतं, हे तुम्हाला मी सांगायचं?”

त्यांनी वेष्टन फाडलं आणि मला मशीनमध्ये लावलं. मी पहिल्यांदा गरागरा फिरले, पडदा उजळला, आखाड्यात घंटा वाजली. मला केवढा आनंद झाला! त्या आनंदात माझ्या पोटात कुठंतरी खट् झालं, ते मला कळलंही नाही. मावशी समाधानानं म्हणाल्या, “चालते हो!” आणि मला डबीत घातलं. मित्रांनो, ज्या प्रामाणिकपणानं त्या दुकानाचं नाव झालं होतं, त्याच प्रामाणिकपणानं मला कुलूप लागलं.

मग ती दोघं भावंडं आली. भाऊ टायरच्या दुकानात कामाला होता. खांदे दारात मावत नव्हते, पण बहीण त्याला अजून सोन्याच म्हणायची. ती मोठी, त्याची ताई. लाँड्रीत इस्त्री करून तिच्या हातांवर भाजल्याचे डाग पडलेले. त्यांचा बाप पट्ट्यानं मारायचा. बाप गेल्यावर ताईनं घरात एक नियम केला होता. या घरात कुणी कुणावर हात उगारायचा नाही. भांडण झालंच, तर म्हणायचं, “चल, पडद्यावर ये.” मग दोघं गेम लावून एकमेकांना मनसोक्त तुडवायची. जो हरेल त्यानं भांडी घासायची आणि भांडण तिथंच मिटायचं. कारण सोन्याच्या अंगात बापाचाच राग उतरला होता. हात शिवशिवायला लागले की त्याचे कान लाल होत. ते ताई ओळखायची आणि मशीन चालू करायची.

सोन्यानं घरातल्या सगळ्या सीड्यांचं खोकं आणलं होतं. त्या सगळ्यांच्या बदल्यात त्याला मी हवी होते.

ताई म्हणाली, “सगळ्या नको देऊस. एक तरी राहू दे घरात.”

“जुन्या काय करायच्यात? त्यातले तुझे सगळे डाव मला पाठ झालेत. आता नव्यात कुटतो तुला, बघच!”

“भांडी घासून हाताला घट्टे पडलेत, तरी बढाई जात नाही!”

खोकं मावशींकडे राहिलं आणि मी त्यांच्या घरी गेले. सोन्यानं हात धुऊन, पुसून मला मशीनमध्ये घातलं. मी जीव तोडून फिरले. पडद्यावर एवढंच आलं, ‘ही प्रत दुसऱ्या मशीनच्या नावावर आहे.’

त्यानं मला काढलं, फुंकलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. तसाच उठून तो दुकानात गेला. मावशींनी मला त्यांच्या मशीनमध्ये लावलं, तर मी झक्कास चालले!

“बघ, चालते ना? तुझंच मशीन तपासून घे.”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. सोन्याचे कान लाल झाले. तो मला घेऊन परत आला. घरी मी पुन्हा मुकी.

त्या आठवड्यात त्या घरात मी जे पाहिलं, ते कुठल्याही आखाड्यात पाहिलं नव्हतं. भाजी खारट झाली, भांडण. पंखा कुणी चालू ठेवला, भांडण. ताई सवयीनं म्हणायची, “चल, पडद्यावर...” आणि मध्येच गप्प व्हायची. पडद्यावर घालायला घरात काही उरलंच नव्हतं. एकदा त्यानं भिंतीवर ठोसा मारला. गिलावा पडला. एकदा ताट भिरकावलं, ते ताईच्या कानाजवळून गेलं. ताईनं भिंतीवरचा तो खड्डा बघितला आणि नंतर रात्री स्वतःच्या खोलीची कडी लावून झोपायला लागली. कडीचा तो आवाज सोन्यानं ऐकला. बापाच्या वेळी ती तशीच कडी लावायची.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून थेट मावशींकडे आला. खिशात मी होते आणि हातात टायर उचकटायची लोखंडी टॉमी.

“माझं खोकं द्या परत.”

“अरे, त्या सीड्या गेल्या. एका होस्टेलवाल्यानं एकगठ्ठा नेल्या. थांब, मी दुसऱ्या...”

“चोरीचा माल गळ्यात मारला मला! आणि वर चारचौघांत हसं केलंत!”

पहिल्या फटक्यात काचेचं कपाट फुटलं. दुसऱ्यात फळ्या कोसळल्या. ती म्हातारी सीडी माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या बुटाखाली गेली, कट्ट आवाज झाला आणि तिचे तुकडे झाले. इतकी घरं फिरली, पण मोडली ती दुकानात. काचांनी मावशींचं कपाळ चिरलं. रक्त डोळ्यांत उतरत होतं, तरी त्या मशीनवर आडव्या पडून ओरडत होत्या, “पाटी वाच रे! लावून बघितली होती मी! देवाशपथ लावून बघितली होती!” सोन्यानं टॉमी वर उचलली.

तेवढ्यात शिंप्याची आरोळी ऐकून जवळच्याच लाँड्रीतून ताई धावत आली. तिनं मागून त्याचा हात धरला. “सोन्या! सोन्या, बघ इकडे!” त्यानं मागे बघितलंच नाही. हात हिसडला, आणि टॉमी धरलेली मूठ तिच्या जबड्यावर बसली.

जबडा मोडल्याचा आवाज मला पाठ होता. माझ्या अंगावरच तो कोरलेला होता. पण हा आवाज तसा नव्हता. हा लहान होता, ओली काटकी मोडावी तसा. ताई खाली पडली, काचांवर. सोन्या वाकून बघत राहिला. वाट बघत होता, मित्रांनो. ती उठेल म्हणून वाट बघत होता. ती उठली नाही.

त्या झटापटीत मी डबीसकट त्याच्या खिशातून निसटून गल्ल्याखाली गेले होते. म्हणूनच माझ्यावर ओरखडा नाही.

पोलीस त्याला घेऊन गेले. हॉस्पिटलात ताईचा जबडा तारांनी बांधला. शिंप्यानं भिंग लावून माझ्या डबीची पाठ वाचली, तेव्हा कुठे मावशींना खरी गोष्ट कळली. त्या कितीतरी वेळ पाटीकडे बघत बसल्या.

बऱ्याच महिन्यांनी सोन्या सुटून आला. पहिल्याच सकाळी तो दुकानात येऊन मोडक्या फळ्या ठोकायला बसला. मावशींनी त्याला बस म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. फक्त ताईचा निरोप दिला, “घरात पाऊल ठेवायचं नाही. काही म्हणायचं असेल तर पडद्यावर ये.”

आणि पडदा तर मावशींच्याच दुकानात. मी दुसरीकडे चालतच नव्हते.

ताई रविवारी आली. जबडा एका बाजूला बसलेला, शब्द दातांतून निघणारे. दोघं शेजारी बसली, घंटा वाजली. सोन्यानं कंट्रोलर धरला, पण एकही बटण दाबलं नाही. त्याचा पैलवान हात खाली सोडून उभा राहिला. ताईनं त्याला मारलं, पाडलं. तो उठला. पुन्हा मारलं. तो पुन्हा उठला.

“मार अजून,” सोन्या म्हणाला.

ताईनं कंट्रोलर खाली ठेवला. “काय उपयोग? यात तुला लागत नाही.”

तरी ती पुढच्या रविवारीही आली, आणि त्याच्या पुढच्याही. दोघं फारसं बोलायची नाहीत. डोळे पडद्यावर. मी फिरत राहायचे.

एका रविवारी, ऐन लढतीत, मावशींचं मशीन घरघरलं आणि बंद पडलं. कायमचं. त्याच्याबरोबर मीही गेले, धडधाकट असताना. काळ्या पडद्यात दोघांचे चेहरे दिसत होते. इतके दिवस सोन्यानं तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. आता त्या काळ्या काचेत त्यानं तिचा वाकडा जबडा बघितला.

“ताई, दुखतं का गं अजून?”

“थंडीत दुखतं.”

मग ती उठून घराकडे निघाली. सोन्या अंतर ठेवून तिच्या मागे चालू लागला. कोपऱ्यावर तिनं वळून बघितलं. ये म्हणाली नाही. येऊ नकोस, असंही म्हणाली नाही.

आता मी मावशींच्या खिडकीत दोऱ्याला लटकते. माझ्या चकाकीला बिचकून कबुतरं येत नाहीत, एवढाच माझा धंदा. वाऱ्यावर फिरता फिरता एकच मागणं मागते. वस्तू विकलीत तर पुरती विका, तिच्या पोटात कुलूप ठेवू नका. चांगल्या हातानं उघडली तरी ते लागतंच. आणि तुम्ही, बाळांनो, माझ्यासारख्या सीड्या खुशाल खेळा, हवं तितकं हाणा. फक्त पडदा विझला की शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा बघत जा. ‘पुन्हा खेळा’ ही अक्षरं फक्त आमच्याकडेच छापलेली असतात.