जादूगाराचा आडोसा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा आडोसा आहे. जळोचीतल्या एका घरात, कपाटावर, रिकाम्या बरण्यांच्या मागे मी पडून असतो. आडोसा म्हणजे काही तरी झाकणारी वस्तू. मी काय झाकले, तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म ठिबक सिंचनाच्या सामानाच्या खोक्यातून झाला. श्रेयाने ते खोके कापले, दोन ठिकाणी दुमडले आणि मला टेबलावर उभे केले. माझ्या बाहेरच्या अंगाला तिने किल्ला रंगवला. आतल्या बाजूला ती स्वतः बसायची. दर रविवारी दुपारी तिच्याकडे एक खेळ चाले. श्रेया गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसे व्हायचे. काही अवघड करायचे असले की फासा टाकायचा. पुढे काय संकट आहे, हे माझ्यामागे लपलेले असे. म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागलेले असत. पाहुणे आले की विचारत, "किल्ला कुणी काढला गं?" तेव्हा मला फार बरे वाटायचे.

सांगवीचा शिवम शिपाई व्हायचा. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता आणि त्याचे तोंड कधी बंद नसे. काटेवाडीचा राजवर्धन जादूगार व्हायचा. घरच्या गाईंची धार काढून, डेअरीला दूध घालून तो यायचा. तो फार कमी बोले. शिवम त्याला घुमा म्हणायचा.

एका रविवारी राजवर्धन सर्वांच्या आधी आला. तो फासा हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "श्रेया, बोलताना माझे शब्द अडकत्यात. एक अडकला की मी दुसरा घेतो, म्हणून कुणाला कळत न्हाय. पण मंत्र ठरलेला असतो. त्यो कसा बदलू?"

श्रेया म्हणाली, "मग म्हणूच नकोस. ह्या आडोशाच्या कडेला बोट लाव. तुझ्या जादूगारानं मनात मंत्र म्हटला, असं मी धरीन."

"कुणाला सांगू नकोस."

"न्हाय सांगणार."

तेव्हापासून राजवर्धनचे बोट माझ्या कडेला लागे आणि गोष्टीत दिवे विझत, कुलपे उघडत. ते बोट खरखरीत होते. मित्रांनो, तेवढ्या स्पर्शासाठी मी आठवडाभर वाट पाहायचो.

मग तो दिवस आला. गोष्टीत जादूगाराला किल्लेदाराला झोपवून कैदी सोडवायचे होते. शिवमचा शिपाई किल्लेदाराच्या चाकरीत होता आणि दाराबाहेर पाठमोरा उभा होता. राजवर्धनने हळूच माझ्या कडेला बोट लावले. शिवम लगेच म्हणाला, "माझा शिपाई आत येऊन त्याचा हात धरतो."

श्रेया म्हणाली, "त्याला कसं कळलं? बोट तू बघितलंस, तुझ्या शिपायानं न्हाय. ह्याला मेटागेमिंग म्हणत्यात. आपल्याला ठाऊक असलेलं गोष्टीतल्या माणसानं वापरायचं नसतं."

"बरं, बघितलं न्हाय. पण मंत्र तोंडानंच म्हणायचा असतो, ह्यो बी नियमच हाय की. मग शिपायाला ऐकू येणारच. ह्यो दरवेळी नुसतं बोट लावतो. आज म्हणू दे मोठ्यानं."

शिवमचे म्हणणे चुकीचे नव्हते. श्रेया काही बोलणार, इतक्यात राजवर्धनने मान वर केली. झोपेचा मंत्र होता, 'काळोखा, कवाड लाव.' त्याने तोंड उघडले. "का... का..." त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. तो गंमत करतोय असे समजून शिवम हसला.

राजवर्धनने फासा टेबलावर ठेवला आणि तो जिना उतरला. खाली त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही नाही. दोघांत खेळ रंगेना. श्रेयाने मला मिटून भिंतीला टेकवले. मिटलेल्या आडोशाला काही दिसत नाही, मित्रांनो. फक्त पंख्याचा आवाज ऐकू येई.

एका दुपारी शिवमचा आवाज कानी आला. "मी नियमाचंच बोललो की. त्यो फोन बी उचलत न्हाय. झालं काय?"

श्रेयाला सगळे ठाऊक होते. एका वाक्यात तिचा खेळ वाचला असता. ती म्हणाली, "ते मी सांगायचं न्हाय, शिवम. त्यालाच जाऊन विचार. आणि तू कमी बोल."

काटेवाडीच्या गोठ्यात दोघांचे काय बोलणे झाले, मला माहीत नाही. पण त्यानंतरच्या रविवारी दोघे एकाच गाडीवरून आले. श्रेयाने मला उलगडले. गोष्ट थांबली होती तिथूनच सुरू झाली. राजवर्धनने बोट पुढे केले नाही. तो म्हणाला, "का... का... काळोखा..." आणि पुन्हा अडला. शिवमने ओठ घट्ट मिटून घेतले होते. शब्द पुरवायला कुणी धावले नाही. बऱ्याच वेळाने उरलेला मंत्रही आला.

"तुझ्या शिपायाला ऐकू आलं," श्रेया म्हणाली. "त्यो काय करतो?"

शिवम म्हणाला, "ऐकू आलं. पण त्यो मागं वळत न्हाय."

पुढे श्रेयाला इंदापूरला नोकरी लागली आणि रविवार मोडले. तिच्या आई, कुशाबाई, मला रद्दीत घालणार होत्या. "ऱ्हाऊ दे, पोरीनं केलाय," असे म्हणून त्यांनी मला इथे वर ठेवले. माझा किल्ला आता फिकट झाला आहे. एक कोपरा झुरळांनी कुरतडला आहे.

मित्रांनो, मला पुन्हा रंगवा, असा माझा हट्ट नाही. तुमच्या खेळात कुणी गप्प बसणारा असेल, तर त्याला घाईने बोलते करू नका. त्याचा शब्द आपण होऊन बाहेर येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. एकट्याने वाट पाहणे फार लांबते, हे मला इथे वर बसून कळले आहे.