बोअरचं पाणी

"काका, वास घ्या आणि मॅडमना सांगून टाका, माती साफ आहे म्हणून," आमोदशेठ म्हणाले.

बिबवेवाडीतल्या त्यांच्या पेट्रोलपंपाची जमिनीखालची जुनी टाकी गळकी निघाली होती. टाकी उपसून झाली, आता डिझेल मुरलेली माती निघत होती. बारा फुटांवर जेसीबी थांबला, कारण प्रदूषण मंडळाच्या तेजस्विनी मॅडमचं वास मोजायचं मीटर बिघडलं. डिझेलच्या कॅनवर धरलं तरी शून्यच. शेठना ते मीटर फार आवडलं.

"दुसरं उद्या येईल. तोवर खड्डा बुजवायचा नाही," मॅडम म्हणाल्या.

"उद्या कशाला? आमचे उत्तरेश्वरकाका एकतीस वर्षं नोझल धरतायत. यांच्यापेक्षा मोठं मीटर कुठलं?"

उत्तरेश्वरने जेसीबीच्या बकेटमधली मूठभर माती उचलून नाकाशी धरली.

कुंपणापलीकडून मागच्या सोसायटीतल्या सुशीलाबाई बघत होत्या. दोन वर्षांपूर्वी त्या बोअरच्या पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या. डिझेलचा वास येतो म्हणाल्या. तेव्हाही शेठनी उत्तरेश्वरलाच पुढे केलं. त्याने बाटली हुंगली, वर चार घोट पिऊन दाखवले. पंपावरचा माणूसच पाणी पितो म्हटल्यावर सोसायटी गप्प बसली आणि त्या पाण्यात वरण शिजवत राहिली.

उत्तरेश्वरचं नाक पंधरा वर्षांपूर्वीच गेलं होतं. घरी दूध करपून पातेलं काळं झालं, तेव्हा तो शेजारीच बसून शांतपणे लसूण सोलत होता. हे फक्त बायकोला, नंदाला माहीत. पंपावर बोलायची सोय नव्हती. ज्याला वासच कळत नाही असा माणूस नोझलवर कोण ठेवेल?

"काय काका? साफ ना?"

"मला नाही कळत, शेठ. माझं नाक गेलंय. पंधरा वर्षं झाली."

"आत्ता चेष्टा नको हं."

उत्तरेश्वर कुंपणापाशी गेला. "बाई, त्या दिवशी तुमचं पाणी प्यायलो, तेव्हाही मला काही कळत नव्हतं. तुमचंच खरं होतं."

सुशीलाबाई बघतच राहिल्या. "अहो, नातीला आम्ही तुमचं उदाहरण द्यायचो. पंपावरचे आजोबा बघ कसे गटागट प्यायले, तू नाक मुरडतेस. रोज रडायची पोर."

त्याने कुंपणातून मूठ पुढे करून उघडली. "तुम्ही बघा."

त्या वाकल्या आणि लगेच पदर नाकाला लावला. "तेच आहे. अजून आहे."

मॅडमनी जेसीबीवाल्याला हात केला. जेसीबी पुन्हा सुरू झाला.

"काका, तुम्ही घरी जा," शेठ म्हणाले. "गरज लागली तर फोन करतो."

उत्तरेश्वरने मान हलवली. ती माती अजून हातातच होती. खाली टाकवेना. गावाबाहेर जाणारी घाण माती भरलेला डंपर फाटकाशी उभा होता. तो तिथवर गेला, टाचा उंचावून फाळक्यावरून हात आत घातला आणि मूठ सोडली. मग बोटांच्या बेचक्यांतली, नखांतली माती तो बराच वेळ आतल्या आत झाडत राहिला. बाहेर एक कण पडू दिला नाही.